एक बोट उचललं की मायनर!

ट्रेक झाले, रिसॉर्ट झाले, वाइनरीही झाल्या. या वीकेण्डला कोपऱ्यात धूळ खात पडलेली गिटार उचला आणि मोखाडा तालुक्यातलं पोशेरा गाठा. तीन मायनर कॉर्ड शिकायला दोन दिवस पुरतात. बाकी जे शिकायला मिळतं त्याला जरा जास्त वेळ लागतो.

खरं खरं सांगा, तुमच्या घरात एक गिटार आहे की नाही? पहिल्या बोनसची. काळ्या कव्हरमधली. कपाट आणि भिंत यांच्या फटीत उभी असलेली. घरी पाहुणे आले की 'अय्या, तू गिटार वाजवतेस?' असं विचारतात आणि आपण 'हो, म्हणजे वाजवायचे...' असं काहीतरी पुटपुटतो.

माझी गिटार तीन वर्षं अशीच उभी होती. क्लास लावला होता हो! पण दुसऱ्याच आठवड्यात सरांनी एफ मेजर नावाचा राक्षस समोर उभा केला. एका बोटानं सहाच्या सहा तारा दाबायच्या म्हणे. माझ्या बोटांनी संप पुकारला, तारांमधून फक्त 'थक् थक्' असा आवाज आला आणि मी ऑफिसच्या शिफ्टचं कारण सांगून क्लासला रामराम ठोकला.

आमच्या टीममध्ये मात्र एकजण गिटारवाला म्हणून फेमस आहे. कुठलीही ऑफिस पार्टी त्याच्याशिवाय होत नाही. त्याला गाव विचारलं की तो म्हणायचा, 'नाशिकच्या बाजूला.' तीन वर्षं आम्ही तेवढ्यावर समाधानी होतो. एकदा लेट शिफ्टनंतर कॅबमध्ये मी त्याला माझी एफ मेजरची रडकथा सांगितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, 'तुला उलट्या टोकानं शिकवलंय. आधी मायनर शीक. दोन बोटांत होतं. गावी चल, दोन दिवसांत शिकवतो.'

'नाशिकला?'

'पोशेऱ्याला. मोखाडा तालुका.'

मग जरा थांबून तो म्हणाला, 'मोखाडा म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. कुपोषण आणि पाण्याचे टँकर. दोन्ही खरंय. पण मला लंच टाइमला रोज त्याच्यावर बोलायचं नसतं.'

कसारा लोकल आणि पुढे

दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. पहाटेच्या कसारा लोकलमध्ये मी, माझी रूममेट, हा मित्र आणि दोन गिटारी. मध्य रेल्वेच्या या टोकाला आपण सहसा झोपेत नाशिकच्या गाडीनं पार होतो. कसाऱ्याला उतरलं की जीप किंवा एसटी. रस्ता विहीगावावरून खोडाळ्याकडे आणि पुढे मोखाड्याकडे चढतो. विहीगावचा धबधबा तुम्ही पाहिलेला असणार, निदान पडद्यावर तरी. २००१ साली आलेल्या शाहरुखच्या 'अशोका'चं शूटिंग तिथं झालं आणि तेव्हापासून लोक त्याला 'अशोका धबधबा'च म्हणतात.

पावसाळा नुकताच संपलेला, त्यामुळे डोंगर हिरव्याचे पिवळे होण्याच्या बेतात. उतारावर नाचणी आणि वरई, खालच्या खाचरांत भात आणि कुठं कुठं खुरासणीची पिवळीधमक फुलं. डोळ्यांना असा काही गारवा मिळतो की विचारूच नका.

हा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आला. शेजारचं जव्हार म्हणजे मुकणे राजघराण्याचं एकेकाळचं संस्थान. तिथला जयविलास राजवाडा आणि दाभोसा धबधबा बघायला पर्यटक जातात. मोखाड्याला फारसं कुणी थांबत नाही. पण गंमत बघा. याच तालुक्यात वैतरणा नदीवर मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ साली पूर्ण झालेल्या या धरणाची मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी द्यायची क्षमता आहे. म्हणजे आपण सकाळी ज्या पाण्यानं तोंड धुतो त्यात या डोंगरांवरचा पाऊस असतो. आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवरच्या बाया टँकरची वाट बघत बसलेल्या असतात. हे मित्रानं जीपमध्ये अगदी सहज सांगितलं आणि लगेच विषय बदलला. 'नखं कापलीस का?'

कापली नव्हती. उलट आदल्याच दिवशी मस्त मरून नेलपेंट लावलं होतं!

धडा पहिला : दोन बोटांचा ई मायनर

मित्राचं घर गावाच्या कडेला. कारवीच्या कुडाच्या, सारवलेल्या भिंती, समोर लांबलचक ओटी. काकूंनी चहा दिला आणि नखं कापायला ब्लेडही दिलं. डाव्या हाताची नखं गेली आणि धडा सुरू झाला.

तुम्हीही गिटार घ्या. सगळ्यात जाड तार सहावी, ती वर, आपल्या चेहऱ्याकडे. सगळ्यात बारीक तार पहिली, ती खाली, पायाकडे. जाडीकडून बारीककडे नावं अशी : ई, ए, डी, जी, बी, ई. गळ्यावरच्या धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये जी जागा असते ते एक फ्रेट, म्हणजे एक घर. बोट घराच्या मधोमध ठेवायचं नाही. गिटारच्या पोटाकडच्या पट्टीला जवळजवळ चिकटवून ठेवायचं, मग कमी जोर लागतो आणि तार खरखरत नाही. बोटाचं टोक टेकवायचं, पेर नाही. अंगठा गळ्याच्या मागे, निवांत.

आता दुसऱ्या घरात पाचव्या तारेवर मधलं बोट आणि चौथ्या तारेवर अनामिका. बस्स. बाकी चारही तारा मोकळ्या. उजव्या हाताच्या अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत सहाही तारा छेडा.

हा ई मायनर! तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या गिटारमधून 'थक्' न येता आवाज आला. भरगच्च, खोल, ओटीभर पसरणारा. माझ्या रूममेटनं चहाचा कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

'आता यात तर्जनी घाल,' मित्र म्हणाला. 'तिसरी तार, पहिलं घर.' घातली. आवाज एकदम उजळला, खिडकी उघडावी तसा. 'हा ई मेजर. आता तर्जनी उचल.' उचलली. पुन्हा सावली.

एवढाच फरक! शाळेत पेटीवर सारेगम शिकला असाल तर हे लगेच कळेल. सा, शुद्ध गंधार आणि पंचम एकत्र वाजले की मेजर. सा आणि प जागच्या जागी ठेवून फक्त गंधार कोमल केला की मायनर. ई मायनरमध्ये ई हा सा, बी हा पंचम आणि ती मोकळी जी तार म्हणजे कोमल गंधार. तर्जनीनं ती एक घर वर चढवली की गंधार शुद्ध. सहा तारांपैकी एका तारेवर, एका घराचा, एका बोटाचा खेळ.

एक तार सरकली की सगळं उलटं

दुसरा धडा ए मायनरचा, आणि इथं खरी गंमत आहे.

ई मेजर धरा. म्हणजे आत्ताचीच तीन बोटं : मधलं पाचव्या तारेवर, अनामिका चौथ्यावर, तर्जनी तिसऱ्यावर. आता हाताचा आकार अजिबात न बदलता सगळी पलटण एक तार खाली सरकवा. मधलं चौथ्या तारेवर, अनामिका तिसऱ्यावर, दोन्ही दुसऱ्या घरात. तर्जनी दुसऱ्या तारेवर, पहिल्या घरात. सहावी तार सोडून पाचव्यापासून छेडा.

ए मायनर वाजतो. तीच तीन बोटं, तोच आकार. वर धरला तर मेजर, एक तार खाली धरला तर मायनर!

'असं कसं?' मी विचारलं. मला वाटलं हा काहीतरी हातचलाखी करतोय.

'तारा बघ ना. सहावीपासून पाचवी पाच घरं वर लावलेली असते. पाचवीपासून चौथी पाच घरं, चौथीपासून तिसरी पाच घरं. पण तिसरीपासून दुसरी चारच घरं. तिथं एक घर कमी पडतं, म्हणून तुझी तर्जनी शुद्ध गंधारावर न पडता कोमलवर पडते. दुसरीपासून पहिली पुन्हा पाच.'

कानानं गिटार लावणाऱ्यांना हे माहीत असतं. पाचव्या घरात दाबायचं आणि पुढची तार त्या सुराला मिळवायची, फक्त बी तार लावताना जी तारेवर चौथ्या घरात दाबायचं. मी मोबाइलच्या ॲपवर गिटार लावणारी. हिरवा दिवा लागला की खूश. तारांमध्ये हे एक घर कमी आहे हे मला कधी कळायचंच कारण नव्हतं.

ई मायनरवरून ए मायनरवर जाणंही सोपं. मधलं बोट आणि अनामिका जोडीनं एक तार खाली आणतात आणि तर्जनी येऊन बसते. मी तेच करत बसले. ई मायनर, चार ठोके. ए मायनर, चार ठोके. पुन्हा ई मायनर.

तेवढ्यात काका शेतावरून आले. हातात विळा, डोक्याला टॉवेल. भाताची कापणी सुरू होती आणि आम्ही पाहुणे तिघं ओटीवर मैफल मांडून बसलेलो, त्यामुळे मला जरा कानकोंडं झालं. काका विळा कुडाला खोचून उंबऱ्यावर टेकले.

'हे कसलं वाजतंय गं?'

'काका, हा मायनर. म्हणजे... सॅड. दुःखी सूर.'

'पुन्यांदा वाजव.'

मी ए मायनर छेडला. काकांनी मान कलती करून तार विझेपर्यंत ऐकलं.

'दुःखी? मला तर मिरगाच्या आधीचं आभाळ आलं डोळ्यांसमोर. भरून येतं ना, तसं. त्यात दुःख कसलं? पेरणी तर तवाच असते.'

आता बोला! गिटारच्या प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक व्हिडीओत लिहिलेलं असतं : मेजर म्हणजे हॅपी, मायनर म्हणजे सॅड. मीही ते गिरवलं होतं. पण काकांनी पावसाचं आभाळ म्हटल्यावर मला आपलंच संगीत आठवलं. काफी रागात कोमल गंधार आहे, आणि काफी कशासाठी गायला जातो? होळीच्या गाण्यांसाठी! रंग, गुलाल, दंगा, सगळं कोमल गंधारात. स्पेनमधले फ्लॅमेन्को नाचणारेही मायनरच्या अंगानं जाणाऱ्या सुरांवर टाचा आपटतात. कोमल गंधार अंधारा असेल, भरलेला असेल, पण तो रडका असलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? निम्मं दुःख तर आपण त्या गाण्याचे शब्द आणि त्याची संथ लय यांतूनच त्याच्यावर चढवलेलं असतं.

बोटांचा संप, पुन्हा एकदा

जेवायला नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा. ठेचा बोटांना लागल्यावर जे काय झालं ते सांगत नाही. तारांनी बोटांच्या टोकांवर लाल रेघा उमटल्या होत्या. तुमच्याही उमटतील. घाबरू नका. रोज पंधरा मिनिटं वाजवलं तर दोन-तीन आठवड्यांत तिथली कातडी जाड होते. रविवारी चार तास एकदम वाजवून सोमवारी गिटार फटीत ठेवली तर मात्र कधीच होत नाही.

दुपारी डी मायनर. तिघांत हाच जरा खट्याळ. तर्जनी पहिल्या तारेवर पहिल्या घरात, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या घरात आणि अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या घरात. चौथ्या तारेपासून खालच्या चारच तारा छेडायच्या. बोटं जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरकी पसरतात आणि अनामिका हमखास शेजारच्या तारेला टेकून तिचा गळा दाबते. उपाय एकच : कॉर्ड धरून एकेक तार वेगळी छेडा, कुठली मुकी आहे ते शोधा, आणि ते बोट जरा उभं करा.

मग मित्रानं मोबाइलवर एक मिनिट लावलं. ए मायनर ते डी मायनर, जितक्या वेळा बदलता येईल तितक्या वेळा. वाजवायचं फक्त एकदा, लगेच बदलायचं. माझा पहिला स्कोअर होता आठ. लाज वाटण्यासारखा आहे, पण आकडा लिहून ठेवायचा. रविवारी सकाळी तो एकवीस झाला. ही युक्ती अगदी रोज चहा गाळेपर्यंतसुद्धा करता येते.

आणि ज्या एफ मेजरमुळे मी पळाले होते त्याचं कोडंही इथंच सुटलं. ई मायनरचा आकार दोन घरं पुढं न्या आणि मागं तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबा : एफ शार्प मायनर. ए मायनरचा आकार तसाच दोन घरं पुढं न्या, मागं आडवी तर्जनी : बी मायनर. असेच पुढं पुढं सरकत गेलात की या दोन आकारांतून बाराही मायनर निघतात. आडवं बोट यायला महिने लागतील, लागू देत. आधी उभी बोटं तर बसू द्या!

काकांचा तारपा

रात्री अंगणात चटया टाकल्या. आभाळात इतके तारे होते की रूममेट दहा मिनिटं नुसती आडवी पडून राहिली. काका आतून तारपा घेऊन आले.

तारपा तुम्ही पाहिलाय. नक्की पाहिलाय. तुमच्या ऑफिसच्या कॉफी मगवर, कुर्त्यावर, नाहीतर मेट्रोच्या भिंतीवर वारली चित्र असतं ना, हातात हात घालून गोल फिरणारी माणसं, त्या गोलाच्या मधोमध एकजण लांब वाद्य फुंकत उभा असतो. तोच तारपा. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रं जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. त्यांचा तो गोल आपण घराघरात टांगला. त्या मधल्या माणसाचा आवाज कसा असतो हे मात्र आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय?

वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, सांधे मेणानं बंद केलेले आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. एका नळीवर बोटांनी चाल वाजते, दुसरी एकच सूर धरून राहते. श्वास तुटत नाही. गालात हवा साठवून वाजवत राहायचं आणि त्याच वेळी नाकानं श्वास घ्यायचा. भात तयार झालं की दिवाळीच्या दिवसांत तारपा निघतो. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हे तारप्यातलं मोठं नाव, पण त्यांच्यासारखे वाजवणारे आणि स्वतःच्या हातानं तारपा बनवणारे आता थोडेच उरलेत.

काकांनी फुंकर घातली आणि अंगण घुमायला लागलं. दुसरा शब्द नाही. शेजारची माणसं आली, हात कमरेत गुंफले गेले आणि गोल फिरू लागला. काका वळतील तसा गोल वळत होता. आम्हा दोघींनाही त्यात ओढलं. पायांचा हिशोब माझा तीनदा चुकला आणि तिन्ही वेळा शेजारच्या आजींनी मला कमरेला धरून जागेवर आणलं.

नाच थांबल्यावर माझ्या डोक्यात भन्नाट आयडिया आली. फ्यूजन! काकांचा तारपा आणि आमचे मायनर कॉर्ड!

पहिला घोटाळा सुरांचा. मोबाइलचं ॲप तारप्यासमोर धरलं तर काटा दोन सुरांच्या मधोमध थरथरत उभा. हिरवा दिवा काही लागेना. भोपळा पिळून सूर बदलता येत नाही. मग मित्रानं मुकाट्यानं गिटारच्या सहाही तारा सैल केल्या आणि कानानं तारप्याच्या धरलेल्या सुराला मिळवल्या. दहा मिनिटं लागली. काका बिडी ओढत बघत होते.

दुसरा घोटाळा त्याहून मोठा. तारपा सुरू झाला, मित्रानं ई मायनर छेडला. काहीतरी टोचलं. मेजर छेडला. तेही टोचलं. काकांच्या चालीतला गंधार माझ्या कानाला ना धड कोमल वाटत होता ना धड शुद्ध. हातानं पाडलेल्या भोकातून येणारा तो सूर दोघांच्या मधे कुठेतरी मजेत बसला होता. आपल्या बारा घरांपैकी एकाही घरात तो राहायला तयार नव्हता.

मित्र थांबला. मग त्यानं कॉर्डमधून गंधारच काढून टाकला. तीच दोन बोटं ठेवून फक्त वरच्या तीन जाड तारा छेडल्या : सा, प आणि वरचा सा. ना मेजर, ना मायनर. आणि ते जमलं! खाली गिटारचा सा-प, वर तारपा, आणि त्याचा गंधार त्याला हवा तिथं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, किती वेळ कोण जाणे.

संपल्यावर मित्रानं गिटार खाली ठेवली आणि तो म्हणाला, 'नववीत होतो तेव्हा बाबांनी तारपा हातात दिला होता. हॉस्टेलवर न्यायची लाज वाटली. कॉलेजात पहिल्या वर्षी गिटार घेतली, तिची नाही वाटली.'

कुणीच काही बोललं नाही. काकांनी तारपा त्याच्यासमोर धरला. 'घे. फुक.'

त्यानं गाल फुगवले. एक सूर निघाला, थरथरला, आणि नाकानं श्वास घ्यायच्या नादात फुस्स झाला. मी मनातल्या मनात मोजत होते : आठ सेकंदही नाहीत. काका खो खो हसले. काकू आतून म्हणाल्या, 'अरं, चूल फुकतोस तसा नको फुकू!' त्यानं पुन्हा घेतला. पुन्हा फुस्स. ऑफिस पार्टीतल्या आमच्या हिरोचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि तीन वर्षांत मी त्याला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

'कापणी झाली की लोक वीटभट्टीवर जातील,' काका म्हणाले. 'भिवंडी, वसई, जिथं काम मिळंल तिथं. मग तारप्याला नाचणारंच राहत न्हाय गावात. शिकायचं तर दिवाळीतच शिकायला यायला पायजे.'

'येतो,' मित्र म्हणाला.

तो खरंच येईल का, एक दिवाळी पुरेल का, मला माहीत नाही. गिटारचे तीन मायनर त्यानं मला दोन दिवसांत शिकवले. काकांच्या श्वासाला तेवढ्यात काही हात लागणार नाही.

सोमवारी लंच टाइमला नव्यानं जॉइन झालेल्या मुलीनं त्याला विचारलं, 'तुझं गाव कुठलं रे?' मी डबा उघडता उघडता थांबले.

'पोशेरा,' तो म्हणाला. 'मोखाडा तालुका. तारपा माहितीये तुला?'

गिटार घेऊन निघताय?

कसं जाल : मध्य रेल्वेनं कसारा, तिथून विहीगाव-खोडाळामार्गे मोखाड्याकडे एसटी किंवा जीप. स्वतःची गाडी असेल तर मुंबई-नाशिक हायवेनं कसाऱ्यापर्यंत येऊन वळा, किंवा जव्हारमार्गे या. नाशिककरांना त्र्यंबकेश्वरवरून रस्ता आहे. परतीच्या गाडीची वेळ आधीच विचारून ठेवा.

कधी : सप्टेंबरअखेर ते दिवाळी बेस्ट. होळीच्या आसपास गेलात तर मोखाडा-जव्हार भागात मुखवट्यांचा बोहाडा पाहायला मिळू शकतो. ऐन उन्हाळ्यात जाणार असाल तर प्यायचं पाणी आपलं आपण न्या, गावाच्या हंड्यावर भार टाकू नका.

राहाल कुठे : पोशेऱ्यात हॉटेल शोधू नका. ओळखीचं घर असेल तर उत्तम, नाहीतर जव्हारला मुक्काम करा आणि दिवसा फिरा.

सोबत काय : तारांचा एक जादा सेट (नवशिक्यांनी बारीक गेजच्या घ्याव्यात, बोटं कमी दुखतात), नेलकटर आणि कव्हर. ट्यूनरचं ॲप असू द्या, पण कान उघडे ठेवा.

एवढं पाळा : तारपा ऐकायला मिळाला तर आधी ऐका, मग मोबाइल काढा, आणि तोही विचारून. वाजवणाऱ्या माणसाचा दिवसभराचा रोजगार बुडवून त्याला 'परफॉर्म' करायला लावू नका. नाचायला बोलावलं तर लाजू नका. पाय चुकले तर आजी आहेतच!